घिसाड्याच्या पालावर घडवलेला कोयता: एक हंगाम वापरून

दोन कोयते, घडणावळ सातशे रुपये, लोखंड आमचं. २०२४ च्या दसऱ्यानंतर घडवून घेतले आणि ऊसतोडीचा अख्खा हंगाम वापरले. आता गावी परत आलोय, कोयते समोर ठेवून लिहितेय.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातले. लग्न झाल्यापासून हा माझा नववा हंगाम. ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्यावर. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. म्हणजे हत्याराचं नाव तेच आमच्या जोडीचं नाव. तरी नऊ वर्षांत कोयता घ्यायला मी स्वतः कधी गेले नव्हते. ते काम मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. ते बाजारातून जे आणतील ते.

त्याआधीच्या हंगामात त्यांनी एका दुकानातून तयार कोयते आणले होते, दोनशे रुपयांना एक. दिसायला चकचकीत, रंग दिलेला. आठ-दहा दिवसांतच पातं वाकायला लागलं. रोज सकाळी कानस मारून धार काढायची आणि दुपारपर्यंत ती गेलेली असायची. मग एका घावात तुटणाऱ्या उसाला दोन घाव लागायचे. मालक म्हणायचे, थोडा हात जास्त चालवावा लागतो, एवढंच. पण त्रास त्यांच्या हातापेक्षा माझ्या कंबरेला जास्त होता. हे लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानात, ते पुढे, मी मागे. ते डाव्या हाताने ऊस धरतात, जरा वाकवतात, जमिनीलगत घाव घालतात, वर उचलून शेंड्याचं वाढं छाटतात आणि ऊस बाजूला टाकतात. मी मागून पाचट काढत ऊस गोळा करते आणि हिरव्या वाढ्याला पीळ देऊन मोळी बांधते. त्यांचा हात लयीत असला की प्रत्येक ऊस एकाच अंगाला पडतो, बुडखे एका रेषेत. मला एकदाच वाकावं लागतं. खाली हात घातला की मोळीभर ऊस हातात येतो. पण घाव दोन लागले की ती लय मोडते. पहिल्या घावाला ऊस नुसता चिरतो, दुसऱ्याला हिसका बसतो, मग तो कुठेही पडतो, आडवातिडवा. मग मी एकेक ऊस ओढून बुडखे जुळवते. एका मोळीला तीन-चार वेळा वाकणं. दिवसाला दीड-दोन टन ऊस निघतो, त्यात किती मोळ्या होतात याचा हिशोब कुणीही करावा. त्या हंगामात मी रोज रात्री कोपीत, आमच्या झोपडीत, पालथी पडून पोरीला कंबरेवर उभी करायचे.

म्हणून या वेळी म्हटलं, कोयता मी बघून घेणार.

खंडेनवमीच्या सुमाराला आमच्याकडे तालुक्याच्या गावी बाजारतळाच्या कडेला घिसाड्यांची, म्हणजे गावोगाव फिरून लोखंडी हत्यारं घडवणाऱ्यांची, पालं पडतात. टोळ्या निघायच्या आधी सगळ्यांनाच कोयते लागतात, हे त्यांना पक्कं माहीत. त्या वर्षी निवडणुकीमुळे कारखान्यांचं गाळप १५ नोव्हेंबरला सुरू होणार होतं, त्यामुळे दसरा उलटल्यावरही आमच्या हातात महिनाभर होता. भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा घेतला. कमानीचं लोखंड चिवट असतं, वाकलं तरी परत येतं. तेच लोखंड कोयत्याला चांगलं, हे आमच्या सासऱ्यांनी सांगून ठेवलेलं. ते घेऊन आम्ही दोघं सकाळी आठलाच पालावर गेलो.

पालावर नवरा-बायको आणि त्यांचा मोठा मुलगा. जमिनीत गाडलेली ऐरण, बाजूला खड्ड्यात भट्टी, भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा. पंख्यावर मुलगा. घिसाडी मामा ऐरणीपाशी उकिडवे बसलेले, डाव्या हातात सांडशी, उजव्यात छोटी हातोडी. आणि त्यांच्या समोर घन घेऊन उभी त्यांची बायको. घिसाड्यांत घन बाईनेच मारायचा हे लहानपणापासून बघत आलेय, पण येता-जाता. त्या दिवशी पहिल्यांदा दिवसभर बसून बघितलं.

लोखंड भट्टीतून निघालं की ते पिवळसर नारिंगी असतं. तिथून ते काळपट लाल होईपर्यंत जेवढा वेळ मिळतो त्याला ते एक ताव म्हणतात. जे काही ठोकायचं ते तेवढ्यात. बोलायला वेळच नसतो, आणि ते बोलतही नाहीत. मामा हातोडीने हलकेच एका जागी टिचकी दिल्यासारखं मारतात. बाईंचा घन नेमका त्याच जागी पडतो. मामा सांडशी जरा फिरवतात, बोटभर पुढे सरकवतात, पुन्हा टिचकी. पुन्हा घन. टिक्, धप्. टिक्, धप्. मधे घन वर गेलेला असताना मामांची हातोडी रिकाम्या ऐरणीवर एक नाजूक ठोका देते, ती कशासाठी हे मला आधी कळेना. नंतर कळलं, तो ताल धरायला. घन वर असताना कान रिकामा राहू नये म्हणून. आणि काम थांबवायचं असलं की मामा हातोडी ऐरणीवर वेगळ्या तऱ्हेने आडवी वाजवतात. वर गेलेला घन मग खाली येतच नाही, बाईंच्या खांद्यावर जाऊन बसतो.

मला माझ्या आजीचं जातं आठवलं. मी सात-आठ वर्षांची असताना तिच्यासमोर बसायचे. खुंट्यावर तिचा हात खाली, माझा वर. पहिल्या दिवशी मी जोर लावला तर खुंटा हिसके खायला लागला, पीठ जाडंभरडं यायला लागलं. आजी म्हणाली, जोर नको लावू, आधी हात नुसता ठेव, माझ्या हातासंगं फिरू दे. दोन-तीन दिवस माझा हात नुसता तिच्या हाताबरोबर फिरला. मग कधी तिने ओढायचं सोडलं आणि तो अर्धा फेरा माझा झाला, ते मला कळलंच नाही. ती ओवी म्हणायची तेव्हा मला वाटायचं करमणूक म्हणून म्हणते. खरं तर ओवीच्या ओळीवर फेरा बसलेला असायचा. कुणी कधी ढकलायचं आणि कुणी कधी ओढायचं हे त्या ओळीतच सांगितलेलं.

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर मी बाईंना विचारलं, मी दोन घाव मारून बघू का? मालकांनी डोळे वटारले. बाई मात्र हसल्या, घन माझ्या हातात दिला आणि मामांना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मामांनी आमचा चांगला पाटा बाजूला ठेवून भंगारातली एक सळी तापवायला घातली.

घन चारेक किलोचा. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला चार किलो म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं होतं. पण वजनाचा प्रश्नच नव्हता. मी मामांच्या हातोडीकडे बघत होते. ती कुठे पडते ते बघायचं, मग घन उचलायचा, मग मारायचा. तोवर मामांनी सळी फिरवलेली असायची. माझा घाव दर वेळी मागच्या जागेवर. बाई बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, “हातोडीकडं बघू नगं. लोखंडाकडं बघ, अन् हातोडी कानानं ऐक.” पुढच्या तावाला तसं केलं. डोळे त्या लाल तुकड्यावर ठेवले, टिक् ऐकू आलं की घन सोडला. सोडला म्हणते, मारला नाही. पाच-सहा घाव बरोबर पडले. तेव्हा हाताला कळलं की मामा माझी वाट बघत नव्हते आणि मी त्यांची बघत नव्हते. दोघंही त्या आवाजाची वाट बघत होतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली. लोखंड गरम असतं तोवर घावाचा आवाज दबका येतो. ते थंडावलं की खणखणतं. म्हणजे ताव संपला हेही कानच सांगतो, सांगावं कुणालाच लागत नाही.

आमचा पाटा तोडायच्या वेळी मात्र मी जागची उठून मागे सरले. पाटा लाल झाल्यावर त्याचे दोन तुकडे करायचे होते. पंखा सोडून मुलाने सांडशीने पाटा धरला. मामांनी त्यावर छिन्नी उभी धरली आणि बाईंनी छिन्नीच्या डोक्यावर घन घातला. छिन्नीचं डोकं रुपयाएवढं आणि त्याच्या खाली मामांची मूठ. घन डोक्याच्या मागून पूर्ण वळून येत होता. चार घावांत पाटा तुटला. त्या चार घावांत मामांनी एकदाही वर बघितलं नाही. मी बाईंना नंतर विचारलं, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, त्यांचा हात हलला तर भीती. हात जागेवर आहे तोवर घनाला वाट माहीत आहे. लग्न झालं तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. घन त्याआधीपासून, बापासमोर.

आणि एक बारीक गोष्ट, जी मी संध्याकाळपर्यंत बसले म्हणूनच दिसली. सकाळच्या तावांत तीसेक घाव बसत होते. तीन वाजल्यानंतर मामा वीस-बावीस घावांतच लोखंड परत भट्टीत घालायला लागले. लोखंड अजून लालच असायचं, आवाजही दबकाच. मला आधी वाटलं कंटाळले. मग बघितलं तर बाई दर तावानंतर घनाच्या दांड्यावर हात टेकून उभ्या राहत होत्या. त्या ‘दमले’ म्हणाल्या नाहीत, ते ‘बस’ म्हणाले नाहीत. लोखंड तापायचं निमित्त करून त्यांना श्वास मिळत होता. आमचे मालकही फडात असं करतात. मी मागे पडले की मधेच उभं राहून कोयत्याला कानस मारत बसतात. धार चांगली असली तरी. नऊ वर्षं मी समजत होते की त्यांना कानस मारायची सवयच आहे.

पाणी द्यायची पद्धत सांगते, कारण कोयत्याचा खरा कस तिथे. पातं घडून, कानशीने साफ करून झालं की पुन्हा लाल केलं आणि फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली, पाठ तशीच गरम ठेवली. बाहेर काढून धार दगडावर घासून उजळ केली. मग पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि उजळ लोखंडावर फिकट पिवळा रंग चढायला लागतो, वाळल्या कडब्यासारखा. तो रंग धारेपर्यंत आला की सबंध पातं पाण्यात. त्याच्या आधी बुडवलं तर धार ठिसूळ राहते आणि खड्यावर आपटली की तुकडा उडतो. उशीर झाला, रंग निळ्यावर गेला, तर धार मऊ. हे आम्हाला फार महत्त्वाचं, कारण ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते, आणि वर ठोंब राहिलं तर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक, चांगला फुटत नाही म्हणून शेतकरी ओरडतो. म्हणजे प्रत्येक घाव मातीला घासून जाणार, खड्याला लागणार. नुसती कडक धार आमच्या कामाची नाही.

आता पैशाचं. मामांनी दोन कोयत्यांचे सातशे सांगितले, मुठीसकट. मालक म्हणाले, “मामा, लोखंड आमचं, चार घाव तर मारायचेत, सातशे कशाचे? पाचशे घ्या.” सगळेच असं म्हणतात. आमच्या आधीचा माणूसही तेच म्हणाला होता. बाई काही बोलल्या नाहीत, कोळसे सारत राहिल्या.

मी सकाळपासून घाव मोजत होते. मुद्दाम नाही, मोळ्या मोजायची सवय आहे म्हणून. एका कोयत्याला दहा ताव लागले, सरासरी पंचवीस घाव. अडीचशे झाले. चार किलोचा घन अडीचशे वेळा डोक्यावर नेला म्हणजे हजार किलो. एक टन. दोन कोयत्यांचे दोन टन. मी मालकांना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की बाईने आज आपल्यासाठी दोन टन उचललेत. टन म्हटलं की आमच्या माणसाला लगेच कळतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, त्यासाठी किती वर्षं बोंबललो आम्ही. आणि तरी आमचा ऊस निदान काट्यावर जातो, पावती निघते. घनाला काटा नाही. दोघांचे हात इतके एकजीव चालतात की बघणाऱ्याला काम एकाचंच वाटतं, आणि भाव लावताना जो बसून बोलतो त्याच्या कामाचा लावतात, जी उभी राहून घन मारते तिच्या कामाचा नाही. आमचंही तेच आहे. फडात माणसं दोन, नाव एका कोयत्याचं, उचल घेताना अंगठा एकाचा. मी बारावी झालेय, सही करते, पण नऊ हंगामांत उचलीच्या कागदावर माझी सही कुणी मागितली नाही.

सातशे रुपये पूर्ण दिले. मी बाईंच्या हातात दिले. त्यांनी मोजून दोनशे स्वतःच्या कनवटीला लावले आणि पाचशे मामांना दिले. मामांनी हिशोब विचारला नाही.

आता हंगामाचा अनुभव. पहिल्या दिवसापासून फरक कळला. एका घावात ऊस, बुडखा फाटत नाही, काप सपाट. दुसऱ्याच आठवड्यात मालक स्वतःहून म्हणाले की हात हलका चालतोय. माझ्यासाठी खरी परीक्षा मोळीची. ऊस पुन्हा एका अंगाला पडायला लागले, आणि मी पुन्हा एकदाच वाकायला लागले. दाट, पडलेल्या उसात मात्र कुठलाही कोयता काही करू शकत नाही, तिथे लय नावाची गोष्टच राहत नाही. तिथे आम्ही बोलून काम करतो. “सरक”, “थांब”, “इकडं टाक”. बाकी फडात दिवसचे दिवस कामाचं बोलावं लागलं नाही.

धार सकाळी एकदा कानस मारली की दुपारच्या भाकरीपर्यंत टिकते. संध्याकाळपर्यंत टिकली असं खोटं सांगणार नाही. पूर्ण हंगामात एका कोयत्याच्या धारेला बारीक दाता पडला, तोही विहिरीजवळच्या खडकाळ रानात. पातं वाकलं नाही.

उणिवा आहेत. एका कोयत्याची मूठ दुसऱ्या महिन्यात ढिली झाली. लाकूड ओलं होतं असं मला वाटतं. मालकांनी पाचर मारून भागवलं, पण हातात ढिला कोयता म्हणजे शेजारच्या माणसाला धोका, हे घडवणाऱ्यानेही ध्यानात घ्यावं. दोन्ही कोयत्यांचं वजन सारखं नाही. एक पुढून जड आहे, संध्याकाळी मनगट भरून येतं. कदाचित तो दुपारनंतरचा असेल. आणि दुरुस्तीला पाल सापडत नाही. आम्ही होळीच्या आधीच परतलो, २०२४-२५ चा हंगाम लवकर आटोपला, तेव्हा बाजारतळाच्या कडेला फक्त भट्टीचा काळा खड्डा होता. खुरपी शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेला, घ्यायची होती, ती तशीच राहिली. शेजारच्या पालावाल्यांनी सांगितलं की ते दोघं दसऱ्याच्या आधी येतात. फोन नंबर त्यांच्याकडेही नव्हता.

दुकानाच्या कोयत्यापेक्षा एका कोयत्यामागे दीडशे रुपये जास्त गेले, शिवाय पाट्याचे वेगळे आणि एक अख्खा दिवस. तरी पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जाणार. पाचातले साडेचार देते, अर्धा त्या मुठीचा कापला.

जाणार असाल तर लोखंड स्वतः घेऊन जा, कमानीचा पाटाच घ्या, गंजून पापुद्रे सुटलेला नको. मूठही वाळलेल्या बाभळीची घरून न्या. सकाळी लवकर जा, पहिल्या दोन-चार तावांतलं काम सगळ्यात सुरेख होतं. मामांना वजन आधी सांगा, उचलून बघा, नको वाटलं तर पाणी द्यायच्या आधी बोला, नंतर उपयोग नाही. आणि लोखंड ऐरणीवर असताना भाव विचारू नका, हाक मारू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. त्या वेळी बाईंचे कान हातोडीवर असतात.